केमिस्ट्रीत बीएस्सी करायची तर नक्की काय काय लागतं? तालुक्याचं कॉलेज की अमरावती-नागपूर?

पराटीवाला

नमस्कार मंडळी. पुतणी यंदा बारावी सायन्स झाली. बायोलॉजी ग्रुप, गणित घेतलेलं नाही. नीटच्या मागं लागायचं नाही असं तिनं स्वतःच घरात सांगून टाकलं. केमिस्ट्री तिच्या फार आवडीची, पदवी त्यातच करायची म्हणते. सायन्सला पदवीपर्यंत जाणारी आमच्या घरातली ती पहिलीच, म्हणून विचारायला घरात कोणी नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडं. तालुक्याच्या कॉलेजात एसटीनं जाऊन-येऊन होतं. चौकशीला गेलो तर खिडकीवरच्या बाबूंनी मेजर, मायनर, क्रेडिट, ओई, आयकेएस असं भराभर सांगितलं, त्यातलं निम्मं कळलं नाही. वरून चार वर्षांची डिग्री की तीन, तेही विचारलं. गणित नसताना केमिस्ट्री झेपते का, हा घरातला मोठा प्रश्न.

माझं स्वतःचं मत असं की घराजवळचं कॉलेज बरं. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, पुस्तकं तीच. मग अमरावतीला किंवा नागपूरला खोली करून कशाला राहायचं? जाणकारांनी सांगावं.

संत्रानगरी

गणित नसलं तरी प्रवेश मिळतो. बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्री असलं की झालं. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी असा गट आपल्याकडं पूर्वीपासून आहे, सगळे त्याला सीबीझेडच म्हणतात. साध्या बीएस्सीला बहुतेक कॉलेजांत प्रवेश परीक्षाही नाही, बारावीच्या मार्कांवर यादी लागते.

बाकी बायोलॉजी घेऊन नीट नको म्हणणारी पोरगी विदर्भात निघाली, तिचा आधी सत्कार करा!

वऱ्हाडी_गडी

भाऊ, राग नका मानू, पन कायले केमिस्ट्री? आमच्या गावात बीएस्सी झालेले पोट्टे चौकात बसून रायते. पोट्टीले बीएस्सी ॲग्री कराले लावा, नाईतर डी फार्म. दोन सालात मेडिकल टाकता येते. शिकून पोटापान्याचं झालं पाह्यजे. मी काई शिक्षनाच्या इरोधात नाई, पन बापाच्या वावराचा पैसा लागते, थो इचार करूनच लावा लागते.

खारपाण

वऱ्हाडी_गडी भाऊ, मी दर्यापूरकडचा, कृषी सेवा केंद्र चालवतो. माझ्या दुकानाचा परवाना बीएस्सी केमिस्ट्रीवरच आहे. कीटकनाशक विकायचं तर नियमात शिक्षणाची अट आली आहे. कृषी पदवी चालते, तशीच केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूलॉजी असलेली विज्ञानाची पदवीही चालते. आमच्या भागात कितीतरी दुकानदारांना या अटीनंतर डिग्रीवाला माणूस शोधत फिरावं लागलं.

ही अट मला मनापासून पटते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक काय करतं, दोन औषधं एका पंपात का मिसळायची नाहीत, हे काउंटरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक पाहिजे. शेतकरी त्यालाच विचारतो, कृषी अधिकाऱ्याला गाठायला तालुक्याला कोण जाणार? केमिस्ट्री शिकलेली पोरगी गावात असेल तर गावाचं भलंच आहे.

वऱ्हाडी_गडी

हे मले माहीत नोतं भाऊ. दुकानाची गोठ पटली. पन दुकान टाकाले भांडवल लागते, थे कोन देते? नोकरीचं सांगा कोनी.

रसायनी

मी वरिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळं पराटीवाला दादांच्या मूळ प्रश्नाला सविस्तर लिहिते. नोकरीचं दुसरे सांगतीलच.

आधी क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आपल्याकडं स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि विद्यापीठाला संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आली. एका सत्राला साधारण 20 ते 22 क्रेडिट. सहा सत्रं, म्हणजे तीन वर्षं पूर्ण केली की 120 ते 132 क्रेडिट होतात आणि नेहमीची बीएस्सी मिळते. चौथं वर्ष केलं तर 160 ते 176 आणि ऑनर्स. त्यातही संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. चौथं वर्ष सक्तीचं नाही, हे घरच्यांना नीट सांगा. तीन वर्षांनंतर एमएस्सी केली तर ती दोन वर्षांची, चौथ्यानंतर एक वर्षाची. एकूण वर्षं तितकीच. तेव्हा हा निर्णय आज घ्यायची गरजच नाही, तिसऱ्या वर्षी घ्या.

मेजर म्हणजे मुख्य विषय, आपल्या बाबतीत केमिस्ट्री. पदवीचा निम्मा तरी भार त्याचा. मायनर म्हणजे जोडविषय. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो. सायन्सची मुलं तिथं कॉमर्सचं किंवा कला शाखेचं काहीतरी घेतात. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान परंपरा. याशिवाय भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्याचे पेपर, एनएसएस किंवा खेळ, पुढं फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेलं काम आणि कुठल्यातरी ठिकाणी प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ज्याला ओजेटी म्हणतात. पहिल्या वर्षी मुलं गोंधळतात, दुसऱ्या सत्रापर्यंत सरावतात.

मुलींच्या घरच्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. क्रेडिट शासनाच्या क्रेडिट बँकेत मुलीच्या नावावर जमा होतात आणि सात वर्षं टिकतात. एक वर्ष पूर्ण करून थांबावं लागलं तर कौशल्याचे चार जादा क्रेडिट करून सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनंतर तसंच डिप्लोमा. पुढं तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पूर्ण करता येते. लग्न, आजारपण, दुष्काळ, कशानंही शिक्षण मध्येच थांबतं आपल्याकडं. पूर्वी अशा मुलीच्या हातात काही उरत नसे.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम लिहायला बसले ती. तुम्ही म्हणता पुस्तकं तीच, पेपर तोच. थिअरीपुरतं ते खरं आहे. केमिस्ट्रीची पदवी मात्र प्रयोगशाळेत होते. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे 30 तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर सत्रात 60 तास हात ब्युरेटला, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या काचनळीला, लागले पाहिजेत. म्हणजे दर आठवड्याला चार तास. कॉलेज कुठल्या गावात आहे याच्या आधी हे तास तिथं खरोखर होतात का, ते विचारा.

टायट्रेशन

रसायनी मॅडमशी शंभर टक्के सहमत. मी तिसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री मेजर. आमच्याकडं प्रॅक्टिकल दुपारी दीडला सुरू होतं आणि आमच्या रूटची शेवटची सोयीची गाडी पावणेचारला. सॉल्टमधले घटक ओळखायला ग्रुप लावता लावता तिसऱ्या ग्रुपपर्यंत येतो आणि पोरी बॅगा भरायला लागतात. पुढचे ग्रुप शेजारच्या रेकॉर्डवरून, म्हणजे प्रयोगवहीवरून, उतरवायचे. सर चांगले आहेत, पण तेही काय करणार, गाडी चुकली तर मुलगी घरी कशी जाईल ही काळजी त्यांनाच असते.

काका, तालुक्याच्या कॉलेजात घालायचं असेल तर वेळापत्रक आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. सवलतीचा पास मिळतो, गाडीची वेळ बदलून मिळत नाही.

अंबानगरीची

आमच्या वेळी मुलींनी एकत्र सही करून आगारात अर्ज दिला होता आणि गाडी अर्धा तास पुढं गेली होती. प्राचार्यांचं पत्र जोडा, सरपंचांचंही. आगार व्यवस्थापक ऐकतात, प्रवासी त्यांनाही हवेच असतात.

टायट्रेशन

ताई, हे सुचलंच नव्हतं कोणाला. सोमवारीच अर्ज लिहितो. पोरींच्या सह्या मिळतील, पोरांच्याही घेतो.

सिमेंटची_धूळ

नोकरीचं विचारलंय म्हणून लिहितो. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना भागात सिमेंट कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. गोंडपिपरीकडच्या खेड्यातून बीएस्सी करून आलो.

आमच्या लॅबमध्ये चुनखडी येते, क्लिंकर (भट्टीतून निघणारा, दळायच्या आधीचा सिमेंटचा खडा) येतो, कोळसा येतो. चुनखडीत कॅल्शियम ऑक्साइड किती, सिलिका किती, हे सतत बघावं लागतं. मोठं काम एक्स-रेच्या यंत्रावर होतं, पण यंत्राचा आकडा बरोबर आहे का हे पडताळायला ईडीटीए या रसायनाचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटनं द्रावण सोडून मोजमाप, आजही हातानंच करतो. कोळशाची ओल, राख, उडून जाणारा भाग आणि उष्मांक काढतो. हीच कामं वणी-घुग्घुसकडच्या कोळसा लॅबमध्ये आहेत, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत आहेत. बल्लारपूरला कागद आहे. बुटीबोरीला औषधं आणि इतर केमिकल कंपन्या आहेत. सुरुवात बहुतेक ठिकाणी ठेकेदारामार्फत किंवा ट्रेनी म्हणून होते, पगार कमी असतो, शिफ्ट असते. हे आधी माहीत असलेलं बरं.

मुलाखतीत मला मार्कशीट नंतर विचारली. आधी विचारलं, पाव नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा लिटर बनव, किती ग्रॅम घेशील? मग म्हणाले, घेतलेले ग्रॅम बरोबर असले तरी हे द्रावण पुन्हा स्टँडर्डाइझ का करावं लागतं, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता का तपासावी लागते? ज्यांनी हातानं केलं होतं त्यांनी लगेच सांगितलं की ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. ज्यांनी रेकॉर्ड उतरवलं होतं ते पाच ग्रॅम म्हणून थांबले.

वऱ्हाडी_गडी

सिमेंटवाले भाऊ, हे कामाचं सांगतलं तुमी. सरकारीत काय हाय?

सिमेंटची_धूळ

पाणी तपासणीच्या जिल्हा प्रयोगशाळा, माती परीक्षण प्रयोगशाळा, नागपूर-अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळा. जागा सारख्या निघत नाहीत, पण निघतात तेव्हा केमिस्ट्रीवाले लागतात. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर केमिस्ट्रीत एमएस्सी लागते, नुसती बीएस्सी चालत नाही. एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, ते सगळ्यांनाच माहीत आहे.

गणितमास्तर

मूळ प्रश्नातला गणिताचा भाग सगळ्यांनी 'चालतं' म्हणून सोडून दिला. प्रवेशाला चालतं, मान्य. पण पहिल्याच वर्षी रासायनिक अभिक्रियेचा वेग येतो, तिथं डेरिव्हेटिव्ह आहे. मग लॉगरिदम आणि इंटिग्रेशन. अऱ्हेनियसच्या समीकरणाचा आलेख काढून त्याच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा काढायची. थर्मोडायनॅमिक्समध्ये आंशिक विकलन. क्वांटममध्ये श्रोडिंगर. बायोलॉजी ग्रुपची मुलं ही सगळी समीकरणं पाठ करतात आणि तिसऱ्या वर्षी फिजिकल केमिस्ट्रीत बॅक राहतो.

बॉटनीवाली

मास्तर, इतकं घाबरवू नका. मी सीबीझेडवाली, बारावीला गणित नव्हतं. ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी केलं, प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पास झाले, आज शिकवते. ऑरगॅनिकमध्ये इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातो हे दिसलं पाहिजे, इंटिग्रेशन नाही. गणित नाही म्हणून कितीतरी मुली केमिस्ट्रीच्या वाट्याला जातच नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

गणितमास्तर

मॅडम, तुमचं यश मोठं आहे आणि मुलींनी मागं राहू नये हेच माझंही म्हणणं. म्हणूनच सांगतो. आयआयटीत एमएस्सीला जायचं असेल तर जॅम द्यावी लागते. तिच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमात फिजिकलच्या भागात गणित स्पष्ट लिहिलं आहे: फलनं, कमाल-किमान, इंटिग्रेशन, साधी विकलन समीकरणं, सदिश, मॅट्रिक्स, संख्याशास्त्र. ही दारं आजच कशाला बंद करायची? उपाय सोपा आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. जून ते दिवाळी रोज तासभर बसली तर विकलन, समाकलन, लॉग आणि आलेख एवढं सहज होतं. संभाव्यता नंतर. शंका आली तर इथंच विचारायला सांगा, मी उत्तर देईन, हे मनापासून सांगतो.

बॉटनीवाली

या सल्ल्याला माझा पूर्ण पाठिंबा. मलाही एमएस्सीच्या पहिल्या सत्रात हेच रात्री जागून करावं लागलं होतं, आधी केलं असतं तर सोपं गेलं असतं.

संत्रानगरी

अवांतर: पुतणीला गणित जमलं तर केमिकल इंजिनिअरिंगकडं का नाही? नागपूरचं एलआयटी आहेच. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 साली सुरू झालं, 2023 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे.

रसायनी

एलआयटी फार चांगली संस्था, पण बीटेकला बारावीचं गणित आणि सीईटी किंवा जेईई लागते. आणि केमिकल इंजिनिअरिंग वेगळं शास्त्र आहे, त्यात अभिक्रियेपेक्षा ती टनांनी घडवून आणणाऱ्या यंत्रणेचा विचार जास्त. या मुलीला केमिस्ट्री आवडते, तिला तीच करू द्या.

लोणारकर

अवांतरात माझीही भर. आमच्या सरोवराचं पाणी पीएच दहाच्या आसपास, सोडियम कार्बोनेटमुळं. पूर्वी इथून सोड्याचे क्षार काढत. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा अख्खा देश बघायला आला, पण पीएच पेपर घेऊन आलेला एकही शाळेचा वर्ग मला दिसला नाही. बेसिक द्रावण शिकवायला बुलडाणा जिल्ह्यातल्या शिक्षकांना दुसरं काय हवं?

खारपाण

लोणारकर, लाख बोललात. आमच्या पूर्णेच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि आमच्याच पोरांना क्षारता म्हणजे काय ते पुस्तकातून पाठ करायला लावतात.

पराटीवाला

पाण्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या बाजूच्या खेड्यात म्हाताऱ्यांचे, पोरांचे दात पिवळे-तपकिरी आहेत, काहींचे गुडघे वाकले. फ्लोराइड म्हणतात. पुतणी हे तपासू शकेल का? तिला केमिस्ट्रीची गोडी लागली ती यातूनच.

रसायनी

दादा, हे आधी का नाही सांगितलंत! तिच्या पदवीचा सगळ्यात चांगला प्रकल्प हाच होईल.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर आधी दात आणि मग हाडं. फ्लोराइड साध्या टायट्रेशननं निघत नाही, त्याला रंगमापक किंवा आयन इलेक्ट्रोड लागतो. पण पाण्याची कठीणता ईडीटीएनं कॉलेजातच निघते: अमोनियाचं बफर घालून पीएच दहा करायचा, एरिओक्रोम ब्लॅक टीचा थेंब, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की एंड पॉइंट. आणि या दोन आकड्यांचा संबंध आहे. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फार कमी विरघळतं. म्हणून ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, तिथं फ्लोराइड साचून राहू शकत नाही. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या खोल बोअरच्या पाण्यात ते वाढतं. म्हणजे पाणी मऊ लागतं, डाळ चांगली शिजते, लोक तेच आवडीनं पितात, आणि घात तिथंच होतो.

फील्ड प्रोजेक्टमध्ये तिनं गावातल्या विहिरी आणि बोअरची कठीणता काढावी, फ्लोराइडचे नमुने जिल्हा प्रयोगशाळेत द्यावे आणि दोन्ही नकाशावर मांडावं. उपायही शिकावा. तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच बसवली, नालगोंडा पद्धत म्हणतात तिला.

वऱ्हाडी_गडी

बाप्पा! आमच्या बोअरच्या पान्यात दाळ लय मस्त शिजते. आता पानी तपासाले नेतोच.

रसायनी

न्या नक्की. मऊ पाणी म्हणजे फ्लोराइड असेलच असं नाही, पण तपासल्याशिवाय कळतही नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याला गाठा.

जुने_परीक्षक

मी निवृत्त. बरीच वर्षं केमिस्ट्रीचा एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून अमरावती विद्यापीठाच्या लहानमोठ्या कॉलेजांत गेलो. तालुका की शहर, या वादात थोडं सांगतो.

शहरातलं कॉलेज म्हणजे चांगली प्रयोगशाळा, हे समीकरण खरं नाही. एका मोठ्या शहरातल्या कॉलेजात एका ब्युरेटवर चार चार मुलं पाहिली, एक थेंब सोडायचा, तिघं लिहून घ्यायचे. आणि एका आडवळणाच्या गावी, जिथं जायला दोन गाड्या बदलाव्या लागत, तिथल्या बाईंनी प्रत्येक मुलाला स्वतंत्र बर्नर आणि स्वतंत्र सॉल्ट दिलं होतं. व्हायवात त्या मुलांना मी मुद्दाम आडवं विचारलं, तीही उत्तरं देत होती.

म्हणून प्रवेशाआधी काकांनी पुतणीला घेऊन प्रयोगशाळा बघावी. प्राचार्यांना सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. फ्यूम चेंबरचा, म्हणजे विषारी वाफा बाहेर काढणाऱ्या कपाटाचा, पंखा लावून दाखवा म्हणावं. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र चालू आहे की कोपऱ्यात धूळ खातंय? चार दशांश स्थळांचा वजनकाटा टेबलावर आहे की कपाटात कुलूपबंद? बर्नरला गॅस आहे का? बाटल्यांवरची लेबलं वाचता येतात का? मागच्या वर्षीच्या मुलांची दोन-तीन रेकॉर्डं मागून घ्या. सगळ्यांच्या वहीत ब्युरेटचं रीडिंग शेवटच्या दशांशापर्यंत तेच असेल तर प्रयोग एकानंच केलाय हे ओळखा. आणि केमिस्ट्रीला पूर्णवेळ शिक्षक किती, तासिकेवरचे किती, तेही विचारा. तासिकेवरचे कित्येक जण जीव ओतून शिकवतात, पण ते जानेवारीत सोडून गेले तर मुलांचं अर्धं वर्ष जातं.

टायट्रेशन

सर, उन्हाळी परीक्षेचाही काही उपाय सांगा. एप्रिलमध्ये आमच्या लॅबमध्ये ॲसिटोन ओतेपर्यंत निम्मं उडतं.

जुने_परीक्षक

इथर 34.6 अंशाला उकळतं, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये खोलीचंच तापमान त्याच्या वर जातं. त्यामुळं इथरचं काम सकाळच्या सत्रातच, बाटली बर्फात ठेवून, आणि आसपास एकही बर्नर पेटता नको. आगीचा खरा धोका आहे, हयगय नको. व्हिस्कॉसिटी, सरफेस टेन्शनची उत्तरं पुस्तकाशी जुळली नाहीत तर मुलं घाबरून आकडा बदलतात. पुस्तकातला आकडा बहुधा 25 अंशाचा असतो, तुमची खोली 41 वर. थर्मामीटरचं रीडिंग वहीत लिहा आणि आलेला आकडा तसाच ठेवा. मी अशा मुलांना नेहमी जास्त मार्क दिले.

झाडीपट्टी

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आमच्याकडं मुलं इथंच अडकतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार, डोमिसाईल, जातीचा दाखला, ओबीसी वगैरे असेल तर नॉन क्रिमिलेयर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बारावी सीबीएसईची असेल तर मायग्रेशनही. निकालानंतर सेतू केंद्रात तोबा गर्दी असते, उत्पन्नाचा दाखला आजच टाका. बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, नाहीतर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही जमा होत नाही.

बाहेर राहायचं ठरलं तर आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा. तिथं जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी योजना आहेत: आदिवासी मुलांना स्वयम्, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना. कोणत्या शहरात, किती टक्के लागतात याच्या अटी आहेत, समाजकल्याण किंवा प्रकल्प कार्यालयात जाऊन वाचा.

पराटीवाला

सगळ्यांचे आभार. काल पुतणीला घेऊन तालुक्याच्या कॉलेजात जाऊन आलो. परीक्षक सरांनी सांगितलं तसं सगळं विचारलं. मॅडमनी प्रेमानं दाखवलं. वजनकाटा टेबलावर होता, डिस्टिल्ड वॉटर चालू होतं, फ्यूम चेंबरचा पंखा मात्र बंद. दुरुस्तीचा प्रस्ताव गेलाय म्हणाल्या. रेकॉर्डं वेगवेगळ्या आकड्यांची होती, पुतणीनंच बसून तपासली. अडचण गाडीची, प्रॅक्टिकल साडेचारपर्यंत आणि शेवटची गाडी चारची.

आता पुतणी लिहिते:

सर्वांना नमस्कार. मी अमरावतीला वसतिगृहाचा अर्ज भरला आहे आणि तालुक्यालाही फॉर्म टाकला आहे. वसतिगृहात नंबर लागला तर अमरावती. नाही लागला तर तालुका, आणि गाडीसाठी अर्ज आम्ही मुली मिळून देऊ. अंबानगरीच्या ताईंनी अर्जाचा मजकूर पाठवला तर बरं होईल. मायनरला मला फिजिक्स घ्यायचं आहे. गणितमास्तर सर, मी लॉगरिदमपासून सुरुवात केली आहे, एक शंका आहे: एक्स शून्य असताना लॉग का निघत नाही?

गणितमास्तर

शाब्बास! दहाचा कितवा घात केला की उत्तर शून्य येईल, ते शोधून बघ. उणे एक, उणे दोन, उणे दहा, सगळे टाकून पाहा आणि काय होतं ते इथं लिही.

अंबानगरीची

मजकूर व्यनि केला आहे. सह्यांखाली गावाचं नाव आणि पास क्रमांक लिहा.

बॉटनीवाली

अगं, ॲप्रन घेशील तेव्हा पूर्ण बाह्यांचा आणि सुतीच घे. दुकानात पॉलिस्टरचे पांढरेशुभ्र मिळतात, ते पेटले की वितळून कातडीला चिकटतात. गॉगल कॉलेजकडून मिळेल म्हणून थांबू नकोस, स्वतःचा घे. बूट बंद हवेत, वेणी घट्ट.

पुतणी (पराटीवाला यांच्या आयडीवरून)

घेते ताई. सर, उणे दहाला उत्तर 0.0000000001 आलं, शून्य नाही. उणे शंभर टाकलं तरी शून्य येणार नाही ना? मग तो कुठलाच घात नाही.

गणितमास्तर

बरोबर. आता हेच पीएचला लाव. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा उणे लॉग. मग पाण्यात हायड्रोजन आयन अगदी शून्य असू शकतील का? उत्तर रसायनी मॅडमना सांग, मी वाचतो.